कॉम्प्युटरपुढचं ताट

शुक्रवार, १४ नोव्हेंबर २००८
राजापूर

कॉम्प्युटर आज पुन्हा बंद पडला. कुवेतची नोकरी सोडून कायमचे घरी आलेले आमचे हे म्हणाले, "भंगारात दे गो आता." खरंच म्हातारा झालाय. पण इतकी वर्षं दर शुक्रवारी, ह्यांच्या सुट्टीला, मी त्याच्या कॅमेऱ्यापुढे जेवणाचं ताट ठेवायचे. काय रांधलंय ते ह्यांना तिकडे दिसावं म्हणून. कडेला एक चापट मारली की पडद्यावर हे दिसायचे. शुक्रवारी कधी दगा दिला नाही बिचाऱ्याने. मग काढू कसा?

दुपारी सुरमईचं सालन केलं आणि सवयीने ताट तिथेच नेऊन ठेवलं. हे आले, खुर्ची ओढून जेवायला बसले. पडदा काळाच होता.

अल्लाचे लाख शुक्र, आज चापट मारावी लागली नाही.