छतावरचा पंप आणि घरचा पंखा

ती. आई,
तुम्हा दोघांना नमस्कार, बाबांना थोडा जास्तच.

मी मजेत आहे, वेळेवर जेवते. तू जन्मभर पुसून टाकलीस ती धूळ मी इथे जपून ठेवते आणि तिच्यामुळे ऊन-पाऊस कसे बदलतात ते शोधते. हस, हस!

काल वाळवंटाकडून वारा सुटला. समोरची इमारतसुद्धा दिसेनाशी झाली. छतावर आमचा हवा ओढणारा पंप आहे. त्यातला धूळ अडवणारा कागद भरत आला की आवाज जड होतो, घरघर लागते. साहेब म्हणतात, "मीटर बघा की, कान काय लावता?" पण मला खाली बसवतच नाही, सारखी जिना चढते.

तुझे गुडघे कसे आहेत? दादा वेळेवर घरी येतो ना?

फोनवर बाबा शेजारीच असतात, म्हणून हे लिहिते. रविवारी मागे घरघर ऐकू येत होती. तू म्हणालीस, पंखा जुना झालाय. आई, मी दिवसभर असलेच आवाज ऐकते. पत्र मिळताच त्यांना डॉक्टरांकडे ने. "आण इकडे फोन" असं बाबा म्हणाले ना, तेवढाच वेळ तुझा पंखा थांबला होता.

तुझी,
धाकटी