पालकाचं नाव

३ डिसेंबर, रविवार

सर,

सकाळी सातला घरातून निघाले. तळवलीच्या मैदानावर तुमच्या स्मरणार्थ मुलींचे कबड्डीचे सामने होते आणि मला पंच म्हणून बोलावलं होतं. आठ सामने झाले. एका मुलीचा घोटा मुरगळला, बाकी सगळं नीट पार पडलं. दीड वाजता बक्षीस समारंभ, मग शाल आणि नारळ. अडीचला घरी आले, भात खाल्ला. आता चार वाजलेत आणि मी लिहायला बसले आहे, कारण समारंभात एक गोष्ट बोलली गेली आणि मी ती गप बसून ऐकली.

तुमचा पुतण्या आता मंडळाचा अध्यक्ष आहे. त्याने माईकवर सांगितलं, "या मॅडम म्हणजे नेपाळी वॉचमनची मुलगी. पण आमच्या काकांनी यांना स्वतःचं आडनाव दिलं होतं. एवढं मोठं मन आज कुणाकडे आहे?" टाळ्या पडल्या. मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी धन्यवाद म्हटलं आणि खाली बसले. चारचौघांत मला बोलता येत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. पण एकदा बोलले होते, आणि तेच आज परत लिहिणार आहे. ते आडनाव तुम्ही मला दिलं नव्हतं. माझ्या बाबांचं नाव काढून त्या जागी ते लिहिलं होतं.

ते लिहिलंत तेव्हा त्र्याण्णव साल असेल. त्याआधी तीन वर्षं तुम्ही मला शिकवत होतात. सहावीत असताना मधल्या सुट्टीत तुम्ही मला थांबवलंत आणि म्हणालात, "एका दमात कबड्डी कबड्डी म्हण आणि चालत राहा." मी व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकाला गेले, परत आले, पुन्हा अर्ध्यापर्यंत गेले. तुम्ही घड्याळ बघत होतात. "बाबा काय करतात?" "बेलापूरला बिल्डिंगवर वॉचमन आहेत." "रविवारी पाठवतील का?" तेव्हापासून दर रविवारी मी तळवलीला. गावातल्या मुलींबरोबर अनवाणी सराव, मग तुमच्या घरच्या ओट्यावर तांदळाची भाकरी आणि सुका जवळा. तुमची आई माझ्या ताटात दुसरी भाकरी न विचारता टाकायची. "खा गो पोरी, दम काय हवेतशी येतं?" आमच्या घरी आई मोहरीचा पाला आंबवून गच्चीवर वाळत घालायची आणि सोसायटीतल्या बायका वासावरून तक्रार करायच्या. तुमच्या घरी सुक्या मासळीचा वास होता आणि त्याबद्दल कुणी काही म्हणत नव्हतं. मला ते घर आवडायचं.

घणसोलीच्या एका सामन्यात समोरच्या मुली मला चिडवायला लागल्या. "ए चायना, ये ना इकडे! ए शाबजी की बेटी, गेट कोण उघडणार?" तुम्ही सामना थांबवलात, सरळ मैदानात आलात आणि त्यांच्या कोचला म्हणालात, "ही आमची पोरगी हाय. पुन्ना आवाज आला त मी खेल बंद करीन." शाळेत तुम्ही शुद्ध बोलायचात. राग आला किंवा प्रेम आलं की गावचं यायचं. त्या दिवशी मी नऊ गडी बाद केले. घरी येताना तुम्ही म्हणालात, "आता तू आगरीच झालीस." मी हसले होते. आज तुम्हाला सांगते, मला काही व्हायचं नव्हतं. मी जी होते तीच तिथे खेळत होते.

मग राज्याच्या संघाची निवड चाचणी आली. माझा जन्म तुर्भ्याच्या कारखान्याच्या गेटमागच्या खोलीत झाला, दाखला कुणी काढलाच नव्हता. शाळेचा दाखला आणि चाचणीचा फॉर्म तुम्ही स्वतः भरलात आणि संध्याकाळी बाबांच्या केबिनमध्ये आलात. मी मागे स्टोव्हवर चहा करत होते. बाबांना मराठी नीट येत नसलं तरी नेपाळीची अक्षरं तीच, त्यामुळे त्यांनी फॉर्म एकेक अक्षर लावत वाचला आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"मास्टरजी, ये तो मेरा नाम नहीं है।"

"कागदावरच आहे हो. माझ्या भावाचं नाव आहे. लडकी तो आपकीच है ना?"

"फिर मेरा नाम क्यों नहीं?"

"आज राज्य, उद्या देश. देशाकडून खेळायचं तर नाव इथलं पाहिजे. नेपाळी नाव बघितलं की पहिल्याच टेबलावर अडवतील. गावच्या टूर्नामेंटला अर्धी पोरं दुसऱ्याच्या नावावर खेळतात, कुणाचं काय बिघडलं?"

तुम्हाला त्यात खरंच काही गैर वाटत नव्हतं. कुणी आजारी पडला की त्याच्या नावावर चुलतभाऊ उतरतो, सगळ्या गावाला ठाऊक असतं, पंचही हसून सोडून देतात. पण त्या चुलतभावाला आपल्या बापाचं नाव कुणी विसरायला सांगत नाही. पालकाच्या सहीच्या जागी तुमच्या भावाची सही हवी होती आणि भाऊ तर वारलेले. तुम्ही बाबांना करायला सांगितलीत. बाबांनी व्हिजिटरच्या वहीचं मागचं पान उघडलं आणि ते नाव तीनदा लिहून बघितलं. तिसऱ्यांदा बरं आलं, तेव्हा फॉर्मवर लिहिलं. मग मला हाक मारली, "मास्टरजी को चाय दे।" तुम्ही चहा घेतलात आणि छान झालाय म्हणालात.

चाचणीच्या तिसऱ्या दिवशी नावं पक्की होत होती. टेबलामागच्या गृहस्थांनी माझा कागद उचलला. तुम्ही माझ्या मागे उभे आहात, तुमचा हात माझ्या खांद्यावर आहे.

"वडिलांचं पूर्ण नाव?"

मी बाबांचं नाव सांगितलं. पूर्ण, आडनावासकट.

"कागदावर वेगळं आहे."

"कागद चुकलाय."

"कुठले वडील?"

"नेपाळचे."

"मग तू इथे काय करतेस?"

"खेळते."

शेजारचे दोघे हसले. ते गृहस्थ मात्र हसले नाहीत. "हे बघ बाळ, नेपाळची का इथली, एक काय ते सांग. असं अर्धं अर्धं चालत नाही." मी म्हटलं, "बाबा नेपाळचे आहेत. मी महाराष्ट्राकडून खेळायला आलेय. अर्धं कुठे आहे?" त्यांनी तुमच्याकडे बघितलं. तुमचा हात खांद्यावरून निघाला होता. त्यांनी माझ्या नावावर आडवी रेघ मारली.

बस स्टँडवर येईपर्यंत तुम्ही माझ्या पुढे चालत राहिलात. मग सगळ्या लोकांसमोर म्हणालात, "तुला कोनी सांगला व्हता तोंड उघराला? तीन वरसा घासलीत मी तुझ्यावर. एक नाव त घ्यायचा व्हता!" मी म्हटलं, "तुम्ही माझ्या बाबांना दुसऱ्याचं नाव गिरवायला लावलंत." तुम्ही म्हणालात, "त्याला काय नव्हता वाटत, तुलाच वाटतं." घरी बाबाही चिडलेच. "पागल है क्या? पुलिस आ जाती तो? साइन तो मैंने कर दिया था ना!" म्हणजे माझ्या बाजूने कुणीच नव्हतं. तुम्हाला दोन वर्षं संघ न्यायला बंदी आली आणि तुम्ही माझ्याशी बोलणं सोडलंत. मी बारावीत असताना तुमचं हृदय बंद पडल्याची बातमी आली. मी गावात आले, गर्दीच्या शेवटी उभी राहिले. तुमच्या आईने मला ओळखलं नाही.

लोक म्हणतील, एवढं केलेल्या माणसाला आता काय बोलायचं. पण मला तुम्हालाच विचारायचं आहे, कारण तुम्हाला कळायला हवं होतं. शहर उभं करायला तुमची भातशेती आणि मिठागरं गेली तेव्हा सातबाऱ्यावरून तुमच्या वडिलांचं नाव उतरलं. त्यावर तुम्ही आम्हाला वर्गात पाऊण तास बोलला होतात. खेळाचा तास होता. "मानसाचा नाव काढला की मानूस जागेवर राहतो का?" असं तुम्ही विचारलं होतंत. आणि तरी तुम्हीच तो फॉर्म भरलात. मी राज्याकडून कधीच खेळले नाही. देशाचं तर सोडाच. आज बेलापूरच्या सरकारी कचेरीत नोकरी करते, रविवारी पंचगिरी करते, आणि नावाच्या पाटीवर बाबांचं आडनाव आहे. लग्न केलं नाही म्हणून आहे असं कुणी म्हणतं. म्हणू दे. मला तो दिवस परत मिळाला तर मी पुन्हा तेच नाव सांगेन, तितक्याच मोठ्याने, आणि तुम्ही पुन्हा स्टँडवर ओरडलात तरी ऐकून घेईन.

मात्र एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. चाचणीच्या पहिल्या दोन दिवसांत रोज सकाळी हजेरी व्हायची. माझ्या नावापुढे तुमचं आडनाव लावून पुकारायचे आणि मी "हजर" म्हणायचे. दोन्ही दिवस. कुणी वळून बघत नव्हतं, कुणी परत विचारत नव्हतं, आणि मला ते बरं वाटत होतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी वडिलांचं नाव विचारलं नसतं, तर मी तशीच खेळले असते.

हे पत्र द्यायला तळवलीत आता कुणी नाही, आणि पुतण्याला द्यायचं नाही. गॅलरीत कपडे वाळत घातलेत. ऊन उतरलंय, काढून आणते आणि घड्या घालते.