कोरड्या भाताचा गोळा

माय, आज नातवाच्या घशात मासोळीचा काटा अडकला. शेजारीण लगेच भाताचा गोळा वळायला बसली. मी तिच्या हातावर चापटच मारली. "भात नाई द्यायचा!" एवढी ओरडले की पोरगं घाबरून रडायला लागलं. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी त्याची जीभ दाबून चिमट्यानं काटा काढला. तो खेळायलाही गेला. मी मात्र तेव्हापासून कागद घेऊन तुझ्याशीच बोलून राह्यले.

आपला मुलूख मध्यप्रदेशात होता तेव्हाची गोष्ट. मी चामोर्शीला माहेरपणाला आले होते. बानं तलावातून मासोळ्या आणल्या होत्या. चांगले तुकडे बाप्यांच्या ताटात गेले, आपण दोघी मागून शेपट्या चोखत बसलो. तुला ठसका लागला, तू गळा धरलास. बा बाहेर बाजेवर पडला होता, तो आत येतो. आयुष्यात तुला कधी पाणी विचारलं नाही त्यानं! चुलीपाशी उकिडवा बसतो, कोरड्या भाताचा गोळा वळतो. "आ कर. चावू नको, गिळून टाक." तू पदर तोंडाशी नेतेस, "पोरगी पाहून राह्यली ना!" मग गिळतेस. "गेला का?" "टोचते अजून." तो दुसरा वळतो. तू लाजून हसतेस, परत म्हणतेस, "टोचते." माय, खरंच टोचत होतं, का तुला अजून एक घास पाहिजे होता?

मग ताप आला, मान सुजली, थुंकीही गिळवेना. गाडीनं नदीपर्यंत, डोंग्यातून पलीकडे, असं करत तुला चांद्याच्या दवाखान्यात नेलं. बा चहा आणायला गेला, तेव्हा डॉक्टर माझ्यावर खेकसले, "भात कोणी चारला? काटा वरच होता, चिमट्यानं निघाला असता. भातानं आत रुतला, पू झाला." बा चहा घेऊन आला. तुला एक घोटही गेला नाही. दोन दिवसांनी तू गेलीस.

बा पुढं खूप वर्षं जगला. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "माह्या हातचा घास खाऊन गेली माही लक्ष्मी." तेवढंच सुख होतं बिचाऱ्याला. डॉक्टरांचं बोलणं मी त्याच्या कानावर जाऊ दिलं नाही. आता तुलाही कशाला कळवू? हा कागद चुलीत टाकते. पण एक सांगते. माझा माणूस चांगला होता, पण त्यानं मला कधी भरवलं नाही. ज्या घासांनी तुझा जीव घेतला ना माय, त्यांचा मला अजून हेवा वाटतो.