हाताला गुण नाही म्हणे

दि. ९, गुरुवार

ताईस,

नमस्कार. तू बरीच असशील, नसतीस तर भावजी बोलले असते. मीही बरी आहे, म्हणजे जिवंत आहे आणि भांडण्याइतकं उठून बसता येतंय. सूप पोचलं. भावजींनी डबा दारातच नर्सबाईंच्या हातात दिला आणि निघाले. तुमच्या घरात आता दारातूनच बोलायची पद्धत पडली आहे का?

इकडची खबर सांगते. चष्म्याच्या दुकानातून मालकांचा फोन आला होता. माझ्या जागी घेतलेली मुलगी काचा बऱ्या घासते, पण कडा तशाच सोडते, गिऱ्हाइकं ओरडतात. ऐकून बरं वाटलं. शेजारच्या खाटेवरच्या आजी रात्रभर घोरतात आणि सकाळी आम्हालाच विचारतात, कोण गं घोरत होतं. पांढऱ्या पेशी वर चढल्यात. टाके सुकले. पोटाला लावलेली पिशवी मी अजून बघितली नाही, नर्सबाई बदलतात तेव्हा छताकडे बघते.

झाली खबर. आता मुद्द्याचं. ताई, मला तुझा भयंकर राग आलाय.

त्या दिवसाबद्दल आपण एकदाही बोललो नाही, म्हणून मीच लिहिते. केमोनंतर घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी आपल्या दोघींना समोर बसवून सांगितलं होतं. हिच्या अंगात जंतूंशी लढणाऱ्या पेशी जवळजवळ उरलेल्या नाहीत, अंग तापलं की तडक इकडे या, तापाची गोळी परस्पर देऊ नका, ताप झाकला जातो. तू मान डोलावलीस. आणि माझं अंग कोमट लागलं तशी तुझ्या पाळणाघरातल्या सवयीने आधी गोळी दिलीस, मग सावकाश थर्मामीटर लावलास. तिथे पोरं रडून जीव नकोसा करतात, म्हणून आधी आराम आणि मग मोजमाप, हे तुझं वर्षानुवर्षं चाललेलं. थर्मामीटर म्हणाला ताप नाही. पोटात उजवीकडे खाली दुखतंय म्हटलं, तर म्हणालीस, गॅस असेल, ताप कुठे आहे? दुसऱ्या दिवशी पोट टम्म फुगलं, हात लावू देईना, तेव्हा आपण धावलो. औषधांनी आतून सोलवटलेलं आतडं सुजलं होतं, त्यात जंतू शिरले होते, भोक पडलं होतं. तेवढं आतडं कापून काढलं आणि शी बाहेर पडायला पोटाला ही पिशवी लावली.

सर्जन म्हणाले, लवकर आला असतात तर कदाचित सलाइन आणि अँटिबायोटिकवर भागलं असतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तरीही कापावं लागलं असतं, सांगता येत नाही. मी तेव्हा गुंगीत होते, भावजींनी मागाहून सांगितलं, तू दाराशी उभी होतीस. तू पहिलं तेवढं ऐकलंस, वळलीस आणि गेलीस, ती आजतागायत फिरकली नाहीस.

गोळीचा राग आला होता, खोटं कशाला बोलू? शुद्धीवर आले तेव्हा तू हाताशी असतीस तर फाडून खाल्लं असतं. पण भांडायला समोर माणूस नको? भावजींना विचारलं, तर मान खाली घालून म्हणाले, "ती म्हणते, माझ्या हाताला गुण नाही. तिला माझा हात नको लागायला."

वा गं वा. आई गेली तेव्हा मला धड चालता येत नव्हतं. त्याच हातांनी माझं शी-शू काढलंस, माझ्या उवा काढल्यास, शाळेत मारामारी केली म्हणून त्याच हातांनी बदडलंस. केस गळायला लागले तेव्हा माझं डोकं भादरलंस आणि म्हणालीस, "जन्मलीस तेव्हा अशीच दिसत होतीस. तेव्हाही शोभत नव्हतीस." तो सगळा गुण एका गोळीत संपला? चुकलीस ना, मग ये आणि शिव्या खा. जन्मभर मला रागावलीस, आता माझी पाळी आली तर पळ काढतेस.

आणि खरी चीड कशाची आहे सांगू? लहानपणापासून मी "दुखत नाही" म्हटलं तरी तुला माझ्या तोंडावरून कळायचं. त्या दिवशी मी दुखतंय म्हणत होते आणि तू थर्मामीटरवर विश्वास ठेवलास.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. सोमवारी पुढची केमो सुरू करायची आहे. डोस कमी करतील, पोटावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवतील, पण थांबलं तर आजार उलटेल, असं डॉक्टरीणबाई स्पष्ट म्हणाल्या. मी नाही म्हणून सांगितलंय. सगळ्यांना वाटतंय, बिचारी कंटाळली. कंटाळले नाही गं, घाबरले आहे. पोटात साधं गुडगुडलं तरी मी घंटी दाबते. पेशी परत उतरतील, परत दुखेल, आणि नर्सबाई कितीही चांगल्या असल्या तरी त्यांना माझं तोंड वाचता येत नाही. ते येणारी या जगात एकच बाई आहे आणि ती घरी सूप ढवळत बसली आहे.

याला धमकी म्हण, हट्ट म्हण, काय म्हणायचं ते म्हण. तू शेजारी बसणार असशील तर मी सोमवारी हात पुढे करीन आणि सुई लावा म्हणेन. नाहीतर नाही. डॉक्टरीणबाई उद्या सकाळी शेवटचं विचारायला येणार आहेत. त्यांना काय सांगायचं ते तू येऊन सांग.

तुझ्यावर चिडलेली आणि तुझ्याशिवाय कुणाचीच नसलेली,
धाकटी