येजो

५ जानेवारी
पोचले एकदाची मालेगावला, वाशीमकडच्या! अकोल्याहून निघताना आईने डब्यात इतकी धिरडी कोंबली की झाकण लागेना. बसमध्ये खिडकी मिळाली, पातूरचा घाट मस्त हिरवा होता, आणि स्टँडवर माझे नवे मालक जगदेवभाऊ स्वतः मोटरसायकल घेऊन हजर. त्यांचं दुकान रोडलाच आहे. फ्लेक्स, वाढदिवसाचे बॅनर, लग्नाचे अल्बम. दुकानावरची खोली मला दिली. खिडकीतून कडुनिंब दिसतो, खाली रसवंतीची घुंगरं वाजतात. आपल्याला तर बुवा आवडलं!

एप्रिलमध्ये माझ्या धाकट्या बहिणीचं, साधनाचं लग्न आहे. तिने आत्ताच दम भरलाय की अल्बम वैजूताईच करणार, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. रंगांतलं मला कळतं, एवढं एक कौतुक घरात माझं होतं. बाकी सगळी बुद्धी साधनाकडे गेली.

८ जानेवारी
दुकानाचा कॉम्प्युटर म्हणजे गंमतच आहे. आधीचा ऑपरेटर कामरगावचा, उत्कर्ष नावाचा. पोरगा हुशार असणार. त्याने मशीनवर लिनक्स टाकलं आणि त्याच्या पोटात दुसरं, खोटं मशीन बनवून त्यात विंडोज बसवलं, कारण अल्बमचं सॉफ्टवेअर विंडोजशिवाय चालत नाही. कॉलेजात आमचे सर बाहेरच्याला यजमान आणि आतल्याला पाहुणा म्हणायचे, आम्ही खिदळायचो. जगदेवभाऊ तर सरळ पावनाच म्हणतात. सकाळी आल्या आल्या विचारतात, पावना उठला का, आज कायले रुसून राह्यला.

पडद्यावर चित्र उमटवणारं ग्राफिक कार्ड मात्र एकच. घरात चष्मा एकच असावा तसं. पाहुण्याला दिलं की यजमानाचा पडदा काळा. तो मागे चालू असतो, पण त्याला दाखवता काही येत नाही. पाहुणा बंद केला की कार्ड परत यजमानाकडे. यायला हवं निदान. कधी कधी पाहुणा ते सोडतच नाही.

संध्याकाळी पाहुणा बंद करताना माझ्या तोंडून सवयीने 'येते' निघून गेलं. आईची शिकवण, निघताना जाते म्हणायचं नाही. कॉम्प्युटरला येते म्हणणारी मीच पहिली असेन! मला हसू आलं. भाऊ हसले नाहीत.

१७ जानेवारी
गेल्या आठवड्यात एकदा सकाळी पाहुणा सुरू केला तर पडद्यावर एक कोरं पान उघडं, त्यावर एकच शब्द: येजो.

आपल्याकडे कुणी येतो म्हटलं की घरचे येजो, म्हणजे परत ये, म्हणतात, तसं. मला वाटलं भाऊंनी माझी चेष्टा केली. त्यांनी पोरांची शपथ घेतली आणि म्हणाले की मले तर माउस धरता येत नाही. मग असेल एखादं जुनं पान, म्हणून पुसून टाकलं. दुसऱ्या दिवशी परत तेच. आमच्या घरात भुताखेतांना जागा नाही, बाबांनी लहानपणीच ठणकावलंय. तेव्हा घाबरायचा प्रश्नच नाही. मी रोज येते म्हणते, पाहुणा रोज येजो म्हणतो. चला, कुणीतरी बोलायला आहे.

२९ जानेवारी
आसेगावच्या लग्नाचा अल्बम करतेय. मागच्या रांगेत एक माणूस आहे. निळ्या चौकटीचा शर्ट, दाढी वाढलेली. हळदीत आहे, पंगतीत आहे, नवरीच्या खोलीतसुद्धा आहे. प्रत्येक फोटोत त्याचे डोळे मिटलेले.

मी तेच फोटो बाहेर, यजमानाकडे घेऊन पाहिले. तिथे तो नाही. फोटोग्राफरच्या मूळ मेमरी कार्डातही नाही. फक्त पाहुण्याच्या आत आहे.

भाऊंना दाखवलं. म्हणाले, हा आपला उत्कर्ष होय. तो त्या लग्नाला गेलाच नव्हता. आजारी आहे म्हणून घरी बसलाय. काय आजार ते विचारलं तर म्हणाले, नजरेचा. आणि दुकानाबाहेर जाऊन उभे राहिले.

६ फेब्रुवारी
लिहू की नको. पाहुणा सुरू करताना पडदा क्षणभर काळा होतो ना, तसे माझे डोळे होतात. परवा क्षणभर झाले. आज बराच वेळ. आणि काळोख असा नाही की काहीच दिसत नाही. अल्बम दिसतो. लख्ख! हळदीचा पिवळा असा की तोंडाला पाणी सुटावं. पण टेबल नाही, माझे हात नाहीत, समोर उभे भाऊ नाहीत. पाहुणा बंद केला तेव्हा दुकान परत आलं.

वाशीमला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. म्हणाले, डोळे एकदम ठणठणीत.

११ फेब्रुवारी
कामरगावला जाऊन आले. उत्कर्षची आई पंचफुलाबाई दारातच होत्या. मी कुठून आले ते सांगितलं तर त्यांनी पदर तोंडात धरला. तो ओसरीत बाजेवर बसला होता, निळ्या चौकटीचा शर्ट. डोळे टक्क उघडे. इकडचं त्याला काही म्हणजे काही दिसत नाही. तिकडचं दिसतं, दुकानात पाहुणा चालू असला की. मी केलेले सगळे अल्बम त्याने पाहिलेत. रंग छान लावता म्हणाला.

तोही रोज संध्याकाळी मशीनला येतो म्हणायचा. आतून कुणीतरी येजो म्हणायचं. त्याने मला विचारलं की तुमी तं नाही ना तसं काही म्हणत. मी रोज म्हणते असं सांगितलं, तर तो गडी ढसाढसा रडायला लागला.

म्हणजे आता आतून लिहिणारा हाच. मग मला येजो का लिहिलंस, असं मी रागानेच विचारलं. म्हणाला, मले जा लिहायचं होतं, जा, परत येऊ नका. पण येते म्हणणाऱ्याले आपल्यात जा कोन म्हणते? हातातून येजोच निघते.

मशीन फोडून टाकते म्हटलं तर पंचफुलाबाईंनी माझे पाय धरले. त्यांच्या दिराने तसंच केलं होतं. पाहुणा चालू असताना वायर उपटली. मशीन नंतर सुरू झालं, पण उत्कर्षची नजर तिकडेच राहिली. तोवर ती निदान जाऊन येऊन होती.

१३ फेब्रुवारी
काल संध्याकाळी मी जाते म्हटलं. मोठ्याने, दोनदा. जीभ अडखळली. भाऊ म्हणाले, असं अभद्र बोलू नये माय.

आज सकाळच्या पानावर येजोच.

२० फेब्रुवारी
नोकरी सोडली. पाहुणा नीट बंद केला, नजर माझ्यापाशी होती, बॅग घेतली, अकोल्याची बस धरली. सुटले वाटलं. पातूरच्या घाटात खिडकीबाहेर पळस फुललेला पाहत होते आणि मधेच सगळं गेलं. समोर भला मोठा बॅनर. भावपूर्ण श्रद्धांजली. कुणातरी म्हाताऱ्याचा फोटो, त्याच्या खांद्यामागे उत्कर्ष.

बसमध्ये मी किंचाळले. शेजारच्या बाईकडून भाऊंना फोन लावून घेतला. रडत सांगितलं, बंद करा, माझे डोळे आहेत ते. तेही रडले. म्हणाले, मयतीचा बॅनर आहे, लोक दारात उभे आहेत, तू दाखवलं तसं दाबत गेलो तं झालं सुरू. आता कसा बंद करू ते सांग. मी सांगितलं. नजर आली तेव्हा अकोला आलं होतं.

मी हात जोडून म्हटलं की परत उघडू नका. लग्नसराई तोंडावर आहे, दुकानाले कुलूप लावू का, म्हणाले.

३ मार्च
आता पट्टी ठेवून लिहिते. पट्टीच्या कडेने पेन चालवायचं, मग पट्टी खाली सरकवायची. साधना म्हणते, ओळी एकमेकींवर चढतात.

विनोद नावाचा नवा ऑपरेटर ठेवलाय भाऊंनी. पाहुणा दिवसभर चालू. संध्याकाळी तो बंद करतो तेव्हा नजर यायची. आधी लगेच यायची. मग उशिरा. परवा फक्त आईच्या बांगड्या दिसल्या, मग —

काल आलीच नाही.

बाबा म्हणतात हा मेंदूचा रोग आहे, नागपूरला दाखवू. दाखवा.

१९ एप्रिल
साधनाचं लग्न. विहारात मला पहिल्या रांगेत बसवलं. अगरबत्तीचा वास, वंदना, मग टाळ्या. साधना उठून माझ्याजवळ आली. माझा हात धरून पांढऱ्या साडीवर फिरवला, काठावर फिरवला. काठ निळा आहे म्हणाली. कुठला निळा, मी विचारलं. तिला सांगता येईना. दोघी रडलो.

डोळ्यांपुढे तेव्हा मालेगावच्या कुणाचा तरी वाढदिवस होता.

फोटो मालेगावच्या दुकानात जाणार. अल्बम विनोद करणार. घरच्यांनी मला न विचारताच —

एप्रिल, तारीख माहीत नाही
दिसली! माझी साधना दिसली. काठ मोरपिशी आहे. निळा काय म्हणतेस बावळट, मोरपिशी! किती गोड दिसतेय —

मी पण आहे. मागच्या रांगेत. डोळे मिटलेले. बाजूला उत्कर्ष. तो सरकून मला जागा देतोय. त्याच्यापलीकडे आणखी आहेत. रांग मागे लांब —

विनोदही दिसतो इथून. काचेच्या पलीकडे, मोठा चेहरा. शेंगदाणे खातोय. भला पोरगा वाटतो. साधनाच्या साडीचा रंग बिघडवला नाही त्याने.

आळस दिला. माउस हातात — बंद करणार —

बोलू नकोस रे. मुकाट्याने जा. किंवा जातो म्हण. एकदाच —

येतो म्हणाला.

जा लिहायचंय. कोरं पान समोर आहे. नुसतं जा. परत येऊ नको. हात इथेही चालतोय, तिथेही — जा, विनोद, ज —

नाही — हे मी नाही — ये