लिफ्टचं दार

आई, तुला आणि बाबांना इथूनच वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. खोली उबदार आहे, जेवण वेळेवर होतं. तुमचा फोन लागत नाहीये, म्हणून हे पत्र.

कामाचं विचारलं होतंस. आम्ही अख्खी लिफ्ट आधी कॉम्प्युटरवर बांधतो. मोटर, दार, बटणं, सगळे प्रोग्रामचे वेगवेगळे भाग. ते एकमेकांना निरोप देतात आणि पडद्यावर लिफ्ट वरखाली जाते. खरी वस्तू आली की खोटा भाग काढून ती जोडायची. दाराचा सेन्सर काही आला नाही, म्हणून तिथे अजून खोटाच आहे. त्याला कधीही विचारा, एकच उत्तर: "दार बंद आहे." ते ऐकलं की लिफ्ट निघते, दार सताड उघडं असलं तरी.

साहेबांनी पडद्यावर लिफ्ट पळताना पाहिली आणि खूश होऊन तोच प्रोग्राम खऱ्या लिफ्टसाठी कारखान्यात धाडला. मी म्हटलं, "साहेब, दाराचा भाग खोटा आहे."

"एकदा तरी अडकली का? मग कशाला खुसपट काढतेस?"

अडकेल कशी, सांग! पुढे तो भाग बदलला की नाही, कुणी धड बोलत नाही. मी रोज विचारते. काल माझं टेबल दुसऱ्या मजल्यावर हलवलं. खिडकी छान आहे.

आपल्याकडे नवी लिफ्ट बसली, बाबांच्या गुडघ्यांचा त्रास वाचला, असं लिहिलंस. कुठल्या कंपनीची? दारावर पाटी असेल, बघून लगेच कळव. तोवर त्यांना जिन्यानेच ने, कितीही कुरकुरले तरी. ऐकलंच नाही, तर एवढं करा: दार उघडलं की पाय टाकायच्या आधी आत लिफ्ट आहे का ते बघा.

तुझी धाकटी