मागचं दिसलं पाहिजे

३ जानेवारी, सकाळ

लेकीला नोकरी लागली. डोंगरापलीकडच्या गावी, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये. सतरा तारखेला हजर व्हायचं. आनंद झाला. छातीत धडधडलं, पण ते आनंदाचंच असणार. आपली जुनी गाडी घेऊन जाते म्हणाली. एकटी. भल्या सकाळी. घाटातून. धुक्यातून.

मी हसत हो म्हणालो. मग बाथरूममध्ये जाऊन थोडा वेळ बसलो.

३ जानेवारी, संध्याकाळ

गाडी तपासली. ब्रेक ठीक, टायर ठीक, दिवे ठीक. जरा निराश झालो. शेवटी मागच्या काचेने लाज राखली. डीफॉगर बंद! काचेत त्या बारीक तपकिरी रेघा असतात, बटण दाबलं की तापतात आणि काचेवरची वाफ घालवतात, त्यातल्या मधल्या मेल्यात. वरच्या आणि खालच्या चालतात. म्हणजे आरशात वर आभाळ दिसणार, खाली रस्ता दिसणार, आणि मधला अख्खा ट्रक गायब.

जेवताना जाहीर केलं, डीफॉगर दुरुस्त झाल्याशिवाय गाडी दारातून हलणार नाही. बायको म्हणाली, मग गॅरेजात टाका. म्हटलं, परक्याच्या हाती लेकीचा जीव द्यायचा? मी स्वतः करणार.

४ जानेवारी

विमा कंपनीत अपघाताच्या दाव्यांचं टेबल सांभाळतो. लोकांना वाटतं, इतकी वर्षं फोटो बघून याला सवय झाली असेल. उलट आहे. आज एकच फाइल उघडली, पहिला फोटो बघितला, बंद केली आणि चहाला गेलो. मी घाबरट नाही. सावध आहे. घाबरट माणूस पळून जातो. मी फक्त चहाला जातो.

६ जानेवारी, सुट्टी

फॉल्ट शोधला. पद्धत माझीच. काचेवर तोंडाची वाफ सोडायची, बटण दाबायचं, आणि वाफ कुठे हटत नाही ते बघायचं. माझा दम पुरेना, म्हणून हिलाही मागच्या सीटवर घेतलं. दोघं गुडघ्यांवर उभं राहून काचेवर हा-हा करत होतो. समोरचे निवृत्त हेडमास्तर फिरायला निघाले होते. थांबले, बघितलं, आणि मान खाली घालून परत घरात गेले. ही म्हणाली, आता या गल्लीत तोंड कसं दाखवू? म्हटलं, काच धुरकट होती, तोंड दिसलंच नसणार.

रेघा मधोमध तुटल्यात. लेक गाडी शिकत होती तेव्हा काचेला आतून लाल L चं स्टिकर चिकटवलं होतं, बरोबर त्याच जागी. विचित्र योगायोग. स्टिकर मीच ब्लेडने खरवडून काढलं होतं, पण अगदी हलक्या हाताने. काचेच्या मालातच खोट असणार.

८ जानेवारी

इंटरनेटवर वाचलं. रेघ तुटली असेल तिथे सिल्व्हर पेंटचा टिपका द्यायचा, की करंट पुढे जातो. हात्तिच्या! रंगाच्या दुकानात जाऊन सिल्व्हर पेंट मागितला. दुकानदार म्हणाला, गेटला की ग्रिलला? आपलं अज्ञान कशाला उघडं पाडा, म्हणून ठसक्यात सांगितलं, काचेला. त्याने मला खालून वर न्याहाळलं. मग म्हणाला, बसेल.

लहान डबा नव्हता. मोठाच घेतला.

९ जानेवारी, सकाळी

रंगकाम. करंटचा भरवसा नाही म्हणून पायात रबरी चपला, हातात भांडी घासायचे मोजे, डोक्यावर हेल्मेट. मोज्यांत ब्रश नीट धरवेना. थंडी फार आहे. रेघा अंगठ्याएवढ्या जाड झाल्या, काही ओघळल्या. ही बाहेर येऊन म्हणाली, आता वाफ नसली तरी काही दिसणार नाही. हिला टेक्निकल गोष्टींत गती नाही.

९ जानेवारी, संध्याकाळी

टेस्ट. काच तापून फुटली तर? हिच्याकडून लाकडी पळी मागून घेतली आणि गाडीच्या बाहेर उभं राहून पळीच्या दांड्याने बटण दाबलं. जळका वास! सगळे बाहेर पळा असं ओरडत मी फाटकाबाहेर पोचलो. गाडीत कुणीच नव्हतं. वास स्वयंपाकघरातून येत होता. मला द्यायला ही पळी शोधत बसली तेवढ्यात दूध उतू गेलं होतं.

डीफॉगर थंडगार. दूधही माझ्याच नावावर लागलं.

११ जानेवारी

लेकीने डब्यावरचं वाचून दाखवलं. लोखंडी गेट, ग्रिल व पाण्याच्या टाक्यांसाठी. म्हणाली, बाबा, त्या पेंटमध्ये खरी चांदी असते, म्हणून करंट जातो. चांदी वेगळी आणि चंदेरी वेगळं. आणि पोट धरून हसली. ती हसली की डोळे मिटते. गाडी चालवताना काही विनोदी दिसलं तर?

योग्य पेंट मीच मागवतो म्हणालो. अजून मागवला नाही. घाईत पुन्हा चुकीचा आला तर काय घ्या. उशिरा का होईना, काम पक्कं झालं पाहिजे. नोकरीवाले काही दिवस थांबतील. चांगली माणसं असतील तर थांबतीलच.

१२ जानेवारी

सुरक्षितता म्हणून डीफॉगरचा फ्यूज काढून खिशात ठेवला. चुकून कुणाचा हात लागायला नको. संध्याकाळी कळलं, हॉर्न वाजत नाही. फ्यूज भलताच निघाला. लिहू की नको, पण क्षणभर बरं वाटलं. हॉर्न नसलेली गाडी घाटात कशी नेणार? माझा यात काही हात नाही. फक्त खिसा आहे.

१३ जानेवारी

शर्ट धुवायला टाकला होता. फ्यूज लेकीला सापडला. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. समोर खुर्ची ओढून बसली आणि विचारलं, बाबा, तुम्हाला गाडी दुरुस्त करायचीय की मला थांबवायचंय?

म्हटलं, हा काय प्रश्न झाला? मग म्हणाली, भीती मलाही वाटते. नवं गाव, अनोळखी माणसं, तो घाट. पण या घरात मला घाबरायला जागाच मिळत नाही. मी घाबरायच्या आत तुम्ही घाबरून मोकळे होता, मग मलाच तुम्हाला धीर द्यावा लागतो. मी म्हटलं, मी कुठे घाबरतो? आवाज फाटला. सर्दी झालीय.

खरं सांगायचं तर फार भीती वाटते. इथे लिहायला हरकत नाही, वाचतंय कोण. ती चालायला लागली तेव्हा मी तिच्या मागून वाकून, दोन्ही हात पसरून चालायचो. माझी पाठ धरली, पण ती एकदाही डोक्यावर आपटली नाही. आता एवढ्या घाटात मागून कसं वाकून चालायचं?

१४ जानेवारी

पेंटची बाटली आली. तिनेच मागवून ठेवली होती, मला न सांगता. नेलपॉलिशएवढी. आधी हॉर्नचा फ्यूज जागेवर बसवला आणि माझी चंदेरी कलाकुसर पुसून काढली. मग रेघेच्या वरखाली टेप लावून, मधल्या फटीत एकेक टिपका. मी टॉर्च धरला. म्हणाली, टॉर्च हलतोय, सीटला टेकवून धरा. तिचा हात मात्र जरासुद्धा हलला नाही. ते बघून मला जास्तच भीती वाटली. म्हणजे आता तिला माझी काही

चहा थंड होतोय.

१५ जानेवारी

पेंट वाळला. बटण दाबलं. वाफ रेघेरेघेने विरत गेली आणि अख्खी काच लख्ख. मीसुद्धा टाळ्या वाजवल्या. हेडमास्तरांना सांगितलं, आम्ही दोघांनी मिळून केलं. तुम्हाला बरं वाटतंय ना, असं त्यांनी का विचारलं कळलं नाही.

उद्याचा संकल्प. दारात हसत उभं राहायचं. सूचना द्यायच्या नाहीत. गाडी वळणाआड जाईपर्यंत डोळ्यांतून टिपूस काढायचं नाही. त्यानंतर बघू.

१६ जानेवारी, सकाळी

गेली.

कडाक्याची थंडी. गल्लीतल्या सगळ्या गाड्यांच्या काचा दुधासारख्या पांढऱ्या, तिची मागची काच तेवढी आरपार. सूचना दिल्या नाहीत. सावकाश जा, ट्रकमागे राहू नको, ट्रकपुढेही राहू नको, एवढंच बोललो. संकल्प पाळला. शेवटपर्यंत हसत हात हलवत होतो. वळणाजवळ डोळ्यांत काहीतरी गेलं म्हणून रुमाल काढला, तितकंच. त्याच वेळी पुढे कुणीतरी करकचून ब्रेक मारला आणि कुणीतरी कुणाला तरी शिव्या दिल्या. लोकांना शिस्त म्हणून नाही. रुमाल बाजूला केला तोवर रस्ता रिकामा.

ऑफिसला गेलो नाही. सर्दी.

१६ जानेवारी, दुपारी

फोन आला. पोचली. घाटात धुकं होतं. ट्रकही होते. एकही अंगावर आला नाही. लॅबमधल्या बाईंनी खोली दाखवली, खिडकीतून डोंगर दिसतो म्हणाली.

धोक्याची वेळ सबंध प्रवासात एकदाच आली, आपल्याच गल्लीच्या वळणावर. काच इतकी स्वच्छ होती, की आरशात मी रुमालात तोंड खुपसून हुंदके देताना पुरता दिसलो. तिला वाटलं, बाबांना काही झालं. तिने ब्रेक मारला. मागचा स्कूटरवाला डिक्कीवर आदळता आदळता वाचला.

म्हटलं, वारा होता. हिने फोन घेतला. मायलेकी बराच वेळ बोलल्या, हसल्या, मग थोडा वेळ ही नुसती हुं हुं करत राहिली. दोघींचं असं ठरलं, की यापुढे ती जायला निघाली की मी रस्त्यावर यायचं नाही. घरातच थांबायचं.

मी मान्य केलं. रस्त्याकडच्या खिडकीला पडदा आहे.